कष्टकरी आई आणि पोषणाचे शास्त्र



या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलत आली. आम्ही विद्वान नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण दिवसा मोंढ्यात पोती वाहताना आणि रात्री वाचनालयात जे हाती लागेल ते वाचताना झाले. तेव्हा आजच्या विषयावर अधिकार सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. एका बाईने आम्हांला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला तो आपणांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी हळदीचा हंगाम चालू होता. वसमतकडच्या एका शिवारात शिजवणीवर काम करणाऱ्या मजुरांची सभा घेण्यास आम्ही गेलो होतो. मजुरी, वजन, मुकादमाची कसर असे नेहमीचे बोलणे झाले. सभा उठत असता एक बाई पुढे आली. तिला सातवा महिना असावा. ती म्हणाली, "भाऊ, दवाखान्यातली बाई म्हणती, इसावा घे, पालेभाजी खा, दूध पी. इसावा घेतला तर रोज बुडतो. रोज बुडला तर दूध कशानं आणू?" आम्ही वीस-पंचवीस वर्षे भाषणे करीत आलो आहोत. पण त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही. "बघू, ताई" एवढेच म्हणून आम्ही निघालो, आणि त्या "बघू"ची लाज वाटून वाचू लागलो.

वाचता वाचता लक्षात आले की हा प्रश्न त्या बाईच्या आधी शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि तोही मुंबईच्या गिरणगावात.

पहिले महायुद्ध संपले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्याला गेले होते. बाळंतपणाच्या आधी व नंतर कामगार स्त्रीला रजा आणि त्या काळात उपजीविकेची तजवीज असावी, असा करार त्या अधिवेशनाने केला. हिंदुस्थान सरकारला मात्र आधी या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. मुंबई सरकारने त्यासाठी डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. १९२१-२२ या काळात त्यांनी गिरण्यांत आणि चाळींत हिंडून पाहणी केली. एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे त्यांनी पाहिली. दिवस भरत आले तरी साच्यावर उभ्या असणाऱ्या बायका पाहिल्या. आई गिरणीत गेल्यावर मूल रडू नये म्हणून त्याला दिली जाणारी अफूची बाळगोळीही पाहिली. आई निर्दय होती म्हणून ती गोळी देत होती काय? मूल सांभाळायला माणूस नव्हते आणि पाळणाघर नव्हते, म्हणून देत होती. अफूने गुंगलेले मूल रडत नाही आणि दूधही मागत नाही. भूक लागूनही भुकेची जाणीव न होणे हे उपासमारीचे सर्वांत भयंकर रूप होय.

जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाने, खाणी आणि चहाचे मळे यांतील स्त्रियांसाठी प्रसूती-साहाय्याचे बिल आणले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मग मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी प्रांतापुरते बिल मांडले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे. परंतु सरकार तो उचलत नाही तोवर मालकाची सुटका नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणूनच तो त्यांना ठेवतो. या बोलण्यातील एक मुद्दा श्रोत्यांनी नीट लक्षात ठेवावा. आईचा विसावा हे मालकाने केलेले दान नव्हे, आणि ती केवळ मालकाची जबाबदारीही नव्हे. तो राष्ट्राने फेडावयाचा हिशेब आहे.

१९२९ साली मुंबईचा कायदा झाला. काही आठवड्यांची रजा आणि मोठ्या शहरांत दिवसाला आठ आणे अशी त्यात तरतूद होती. आज ती रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु गरोदर बाई काम न करता घरी बसली तरी तिला पैसे मिळाले पाहिजेत, हे तत्त्व या इलाख्यात प्रथम कायद्याने मान्य झाले. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भार एकट्या मालकावर पडला, तेव्हा अनेक मालकांनी बायकांना कामावर घेणेच कमी केले. रात्रपाळीवरील बंदी आणि नवी यंत्रे ही कारणेही होतीच. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचा वाटा घटत गेला. हक्क मिळाला, पण ज्यांच्यासाठी मिळाला त्यांना दारच बंद होऊ लागले. बाबासाहेबांनी सरकारचा वाटा का मागितला होता, हे त्यावरून समजते.

आता याच काळातील दुसरी हकीकत ऐका. कायदेमंडळात ही चर्चा चालू असताना परळच्या हाफकिन संस्थेत एक इंग्रज बाई सूक्ष्मदर्शकातून रक्त तपासत होत्या. त्यांचे नाव लूसी विल्स. डॉ. मार्गारेट बॅलफोर यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांच्या बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी चालू होती, आणि तीसाठी विल्सबाई १९२८ साली मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील आणि गरीब वस्त्यांतील गरोदर बायकांना एक भयंकर पांडुरोग होत असे. डोळे पांढरे पडत, पायांवर सूज येई, जिना चढताना धाप लागे, आणि बाळंतपणात किंवा त्याच्या आधीच पुष्कळ बायका दगावत. "अंगात रक्त नाही" असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. हा एखाद्या जंतूचा रोग असेल, असा संशय आधी घेतला गेला.

विल्सबाईंनी सहकारी डॉ. तळपदे यांच्यासह या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ज्यांच्या ताटात भाजी, फळ आणि दूध जवळजवळ येतच नव्हते, अशा गरीब बायकांत हा रोग अधिक होता. त्यांतही गरीब मुसलमान भगिनींत त्याचे प्रमाण जास्त आढळले. मग त्यांनी तसाच निकस आहार प्रयोगातील प्राण्यांना दिला आणि त्यांच्यावर निरनिराळे उपाय करून पाहिले. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा 'मार्माइट' नावाचा अर्क, जो इंग्लंडात गरिबांच्याही घरी पावाला लावून खातात, तो दिल्यावर एका आजारी माकडाचे रक्त भरून आले. बायकांना दिल्यावर त्यांचेही आले. काळजाच्या महागड्या अर्काचे काम या स्वस्त पदार्थाने केले. १९३१ साली हे संशोधन इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले.

त्या अर्कात नेमके काय होते हे पुढे दहा वर्षांनी कळले. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख आपल्या शेजारच्या आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज आपल्या गावातील आशाताई गरोदर सुनेच्या हातावर लोह आणि फॉलिक आम्लाची जी गोळी ठेवते, तिचे कूळ परळच्या त्या प्रयोगशाळेत आणि चाळींतील त्या बायकांच्या रक्तात आहे. जगभरच्या गरोदर स्त्रिया आज ती गोळी घेतात. मुंबईच्या कामगार स्त्रीने जगाला दिलेली ही देणगी आहे, आणि तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

तथापि येथेच विचारांची एक फूट पडली. १९२८-२९ साली एकाच शहरात दोन गोष्टी घडत होत्या. एकीकडे आईला विसावा आणि त्या काळचे पैसे मिळावेत म्हणून झगडा चालू होता. दुसरीकडे तिच्या अन्नात काय उणे आहे याचा शोध चालू होता. या दोन वाटा एकत्र यावयास हव्या होत्या. त्या वेगळ्या झाल्या. शास्त्र गोळीमागे गेले, आणि विसाव्याचा प्रश्न कामगार चळवळीकडे राहिला. आमच्या चळवळीचाही त्यात दोष आहे. आम्ही बोनस आणि महागाईभत्ता यांच्या गणितात इतके गुंतलो की गरोदर बाईचा विसावा हा मागण्यांच्या यादीत शेवटचा मुद्दा झाला.

पोषणाचे शास्त्र पुढे पुष्कळ वाढले. कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी १९१८ साली सुरू केलेली प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील डॉ. सी. गोपालन यांनी गरीब आयांच्या दुधाचा अभ्यास केला. स्वतः अर्धपोटी असणारी आई महिनोन् महिने मुलाला पाजते आणि बऱ्यापैकी दूध देते, असे त्यांना दिसून आले. हे दूध कोठून येते? ते आईच्या देहातून येते. बाळंतपणांमागून बाळंतपणे होतात आणि आई झिजत जाते. त्या काळी जगभर असा समज होता की गरिबांच्या मुलांना मुख्यतः प्रथिने कमी पडतात. म्हणून प्रथिनांच्या भुकट्या आणि बिस्किटे यांच्या मोठमोठ्या योजना झाल्या. गोपालन यांनी ठामपणे सांगितले की आपल्या मुलांना प्रथम पोटभर अन्नच कमी पडते. नेहमीची भाकरी-वरण पुरेसे मिळाले तर प्रथिनांचा प्रश्नही बहुतांशी सुटतो. १९७०च्या दशकात जगानेही हे मान्य केले. शास्त्राला साध्या भाकरीपाशी परत यावयास इतकी वर्षे लागली.

येथे थोडे स्वतःविषयी बोलण्याची परवानगी असावी. आमचा जन्म १९७२च्या दुष्काळातला. आमची आई तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो मिळे. ती सुकडी आईने आमच्या थोरल्या बहिणीला दिली आणि स्वतः मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, असे ती सांगत असे. आम्ही जन्मलो तेव्हा वजन कोणी केले नाही. "ओंजळीत मावशील एवढा होतास" एवढेच आईचे माप. आज आम्ही अंगाने सडपातळ आहोत, तरी पन्नाशीच्या आत मधुमेह जडला. त्याचे कारण तेच, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. परंतु पुण्याच्या डॉक्टरांचे संशोधन वाचताना आम्हांला आईची ती ओंजळ आठवली.

ते संशोधन असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातील साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ साली पुण्याजवळची सहा खेडी निवडली. तेथील गरोदर बायकांचा आहार, काम आणि वजन यांची नोंद केली व पुढे जन्मलेली बाळे मोजली. बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोहूनही कमी भरले. साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोच्या घरात होती. गंमत अशी की आपली बाळे हाडामांसाने लहान होती, पण अंगात चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. दिसावयास किडकिडीत आणि आतून मेदाळ अशा या बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक, असे याज्ञिक यांचे म्हणणे आहे. गर्भातील उपासमार म्हातारपणापर्यंत पाठ सोडत नाही.

याच पाहणीत आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी दोन निष्कर्ष काढले, आणि आमच्या मते ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिला : ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळे मोठी होती. दुसरा : ज्या आया शेतातील आणि पाणी भरण्याची जड कामे अधिक करीत होत्या त्यांची बाळे लहान होती. पहिला निष्कर्ष पुष्कळांनी उचलला. भिंतीवरच्या तक्त्यांवर पालेभाजीची जुडी आली, दुधाचा पेला आला. दुसरा निष्कर्ष कोणत्याही तक्त्यावर आम्हांला दिसला नाही. गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवा, असे सांगणारे चित्र आम्ही अजून पाहिले नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्याने पुढे एक मोठा प्रयोग केला. 'सरस' हे त्याचे नाव. २००६ ते २०१२ या काळात सहा हजारांवर स्त्रियांनी त्यात भाग घेतला. काहींना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला, इतरांना साध्या भाज्यांचा. एकूण बाळांच्या वजनात मोठा फरक पडला नाही. ज्या स्त्रिया आधीपासून फार कृश नव्हत्या त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. फार कृश स्त्रियांच्या बाळांचे मात्र वाढले नाही. गरोदरपणातील मधुमेह खाऊ घेणाऱ्यांत बराच कमी झाला. एक वाटी चांगला खाऊ उपयोगी खरा, पण लहानपणापासून झिजलेल्या देहाची भरपाई तेवढ्याने होत नाही. हे अपयश कबूल करणारे संशोधन आम्हांला यशाच्या जाहिरातींपेक्षा अधिक शिकवून गेले.

आता कोणी म्हणेल, एवढा खर्च कशासाठी? त्याला उत्तर सातासमुद्रापलीकडून आले आहे. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा गरीब देश आहे. तेथील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांना आणि आयांना पूरक आहार दिला. दोन खेड्यांत दूध-धान्याची पौष्टिक पेज, आणि दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय. ती मुले मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. पहिली दोन वर्षे ती पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी सरासरीने ४६ टक्के अधिक भरली. आम्ही आयुष्यभर मजुरीवाढीचे करार केले, पण शेकडा शेहेचाळीस वाढ देणारा करार आमच्या हातून कधी झाला नाही!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईचा १९२९चा कायदा इलाख्यातील कारखान्यांसाठी होता. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. आपल्याकडे कारखाने नव्हते, शेत होते. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती-लाभाचा कायदा झाला. त्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ साली सव्वीस आठवडे झाली. पण ही रजा आस्थापनेत नोकरी करणाऱ्या बाईसाठी आहे. हळद शिजवणारी, कापूस वेचणारी, ऊस तोडणारी बाई कोणत्या आस्थापनेत मोडते? १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा मुख्यत्वे शेतमजुरांचा आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांतून दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या उसाला जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल दोघांच्या नावावर असते. बाई गरोदर झाली म्हणून कोयता अर्धा होत नाही आणि उचलही अर्धी होत नाही. म्हणून ती मोळी डोक्यावर घेते. तिचे नाव गावच्या अंगणवाडीत नोंदलेले असते, आणि ती स्वतः दोनशे कोसांवर फडातल्या खोपीत असते. पाच-सहा महिने आहार एका जागी आणि आई दुसऱ्या जागी, असा हा प्रकार आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ साली गांधीजयंतीला एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि तिच्यातून अंगणवाडी आली. २००२च्या सुमारास मराठवाड्यात विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी प्रत्येक मुलाचे वजन करून अतिकुपोषित मुले शोधण्याची मोहीम उभारली. तिच्यातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन जन्मले, आणि त्याचे ठाणे मुंबईत नव्हे तर तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. राष्ट्रीय पाहणीनुसार २००५-०६ साली महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ साली हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु २०१९-२१च्या पाहणीत ते ३५ टक्के निघाले. म्हणजे गाडी थबकली. वजन मोजणे, लस, गोळी, घरपोच आहार यांनी जेवढे चढता आले तेवढे आपण चढलो. पुढची चढण विसाव्याची आणि मजुरीची आहे, असे आमचे मत आहे.

आता त्या बाईचा हिशेब मांडू. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली आली. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, असा तिचा हेतू सांगितला गेला. पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये. शेतमजूर बाईचा रोज तीनशे रुपये धरला तर पाच हजार म्हणजे सतरा दिवसांचीही मजुरी होत नाही. नोकरदार भगिनीला सव्वीस आठवडे, आणि शेतमजूर भगिनीला सतरा दिवस! दोघींची बाळे मात्र नऊ महिन्यांचीच. तामिळनाडूने १९८७ पासून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने गरीब मातांसाठी योजना चालविली आणि २०१८ साली तिची रक्कम, काही भाग वस्तुरूपाने धरून, १८,००० रुपयांवर नेली. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

आणखी एक गोष्ट. हे सारे पोषण ज्या ताईंच्या हातांतून मुलापर्यंत पोचते, त्या अंगणवाडीताईला आपण वेतन देत नाही, 'मानधन' देतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निकाल दिला. दुसऱ्यांच्या मुलांचे वजन मोजणारी बाई स्वतःच्या मुलाच्या दुधासाठी उधारी करते, हे दृश्य आम्ही आमच्या तालुक्यात पाहिले आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. गरोदर शेतमजूर स्त्रीला शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे तीन महिने किमान मजुरीइतके पैसे सरकारने द्यावेत, आणि तो भार बाबासाहेबांनी म्हटल्याप्रमाणे राष्ट्राचा मानावा. म्हणजे मालक बाईला कामावरून काढणार नाही. उसाच्या फडावर अंगणवाडी जावी. बाई जेथे जाईल तेथे तिचे नाव आणि तिचा आहार जावा. आणि घरातल्या पुरुषांनी, यात आम्हीही आलो, गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा आपल्या डोक्यावर घ्यावा. या शेवटच्या मागणीला कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

गेल्या हंगामात त्याच शिवारात पुन्हा जाण्याचा योग आला. ती बाई भेटली. कडेवर मूल होते, अंगाने बारीक पण चलाख. तिने ओळखले आणि हसून विचारले, "भाऊ, बघतो म्हणाला होता. काय बघितलं?" जे बघितले ते आज आपणांसमोर ठेवले आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने आपल्या परीने दिले : आईला अन्न आणि विसावा ही दोन्ही एकाच वेळी मिळाली पाहिजेत. ती दोन्ही परवडण्याजोगी मजुरी मिळवून देणे हे मात्र प्रयोगशाळेचे काम नव्हे. ते तुमचे आमचे काम आहे. तिला पुन्हा "बघू" असे सांगण्याची पाळी आमच्यावर येऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.